सहा बाजूंचा नवरा

दिवाळी सरली आणि सगुणाच्या नवऱ्याच्या डाव्या खांद्याला कोपरा आला. संक्रांतीपर्यंत तो पुरता सहा बाजूंचा झाला होता.

त्याचं नाव मी सांगत नाही. सगुणा घेत नाही, मग मी कशाला घेऊ? गावात त्याला सगळे डायवर म्हणायचे, कारण त्याने उभा जन्म एस.टी. चालवली. जुन्या गाड्यांचं इंजिन आतच असायचं, डायवरच्या डाव्या हाताला, लोखंडी झाकणाखाली. त्या झाकणावर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवली की दुपारपर्यंत ऊन राहायची. अशा धगीशेजारी माणूस जन्मभर बसला आणि एक दिवस निवृत्त होऊन घरच्या ओट्यावर येऊन बसला. मग निवायला लागला. एकदम निवला असता तर तडकून गेला असता. हा बेताबेताने निवत गेला, म्हणून त्याला कोपरे पडले. तेही कसे, गवंड्याने ओळंबा सोडून पाडावेत तसे सरळ. ज्या बाजूची धग आधी गेली त्या बाजूचा कोपरा आधी आला, एवढंच.

सगुणाने आधी खोबरेल चोळून पाहिलं. मग तिळाचं. कोपरे नुसते चकाकायला लागले. रात्री त्याने कूस बदलली की कप्प्यातली भांडी वाजायची. एका कुशीवरून दुसरीवर जायला पूर्वी एक वेळ वळलं की पुरायचं, आता मधल्या बाजूंवर थांबत थांबत जावं लागायचं. शिंप्याकडे सदरा टाकायला नेलं तर शिंपी टेप गळ्यात टाकून कितीतरी वेळ त्याच्याभोवती फिरला.

"बाह्या कुठल्या बाजूंना लावू?" शिंपी म्हणाला.

"हात आहेत त्या बाजूंना लाव," सगुणा म्हणाली.

"हात आज इथं आहेत वहिनी, धुतल्यावर सदरा आटला म्हणजे?"

त्याने बिनबाह्यांचाच शिवला.

मग नणंद आली, शेवंता. तिने भावाला चारी अंगांनी पाहिलं, मग राहिलेल्या दोन अंगांनी पाहिलं आणि पदर खोचून बसली.

"आमच्या घराण्यात कुणाला कोपरे नव्हते," ती म्हणाली. "आमचे बाबा मरेपर्यंत गोल होते."

"तुमचे बाबा पिठलं-भात खाऊन गोल होते, वन्सं."

"तेच म्हणते मी. काय घालता काय दादाला खायला?"

डायवर मधे बसून चहा पीत होता. त्याला भांडण ऐकू येत होतं, पण कपातला चहा त्याच्या हातात येता येता गार होत होता, आणि तो त्याच विचारात होता.

शेवंता जाता जाता मात्र कामाचं बोलली. "तव्यावर न्या," ती म्हणाली. "एक दिवस उताणा निजवा. उतरतील कोपरे."

तवा म्हणजे उखळ्या डोंगराचा माथा. तिथला कातळ अजून पुरता निवलेला नाही. गावातल्या बाया माघात तिथं पापड वाळवायला नेतात आणि एका अंगाने भाजलेले परत आणतात. सगुणाला ते पटलं. तिला नवरा कसाही चालला असता, जाड, रोड, बोळका; पण रात्री त्याच्या पाठीला पाठ लावली की तिला टोचायला लागलं होतं. आणि टोचतं त्यापेक्षा वाईट म्हणजे, जिथं टोचायचं ती जागा दर रात्री जरा जास्त गार असायची.

वर जायची वाट मृणालला ठाऊक. ही नाशिकची मुलगी, दर हिवाळ्यात गावात खोली घेऊन राहते आणि शहरातल्या लोकांना डोंगराचे दगड दाखवत हिंडवते. लोकही पैसे देऊन दगड बघतात. ती घरी आली, तिने डायवरच्या छातीवर बोटाने टकटक केलं आणि कान लावला.

"छान आहेत काका," ती म्हणाली. "एकही फट नाही. असं सावकाश निवलेलं हल्ली बघायला मिळत नाही."

"वर नेऊन ऊब दिली तर पुन्हा गोल होतील का?" सगुणाने विचारलं.

"थोडी ऊब दिलीत तर काही होणार नाही, मावशी. फार दिलीत तर वाहतील."

"वाहून कुठं जातील?"

"उताराकडे."

"तसेही ते उताराकडंच जातात," सगुणा म्हणाली. "खालच्या आळीत पत्ते असतात."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं निघाली. सगुणाने भाकऱ्या, लसणाचा ठेचा आणि कांदे बांधून घेतले. खांद्यावर डायवरचा लाल टॉवेल टाकला, कारण त्याच्या खांद्यावर तो आता राहत नव्हता. डायवर मागून चालत होता. त्याचं पाऊल पडलं की वाटेवरचे खडे जागचे उठून बाजूला बसायचे.

पायथ्याची नदी कोरडी होती. तिच्या पात्रात रांजणासारखे गोल खड्डे आहेत, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक गोटा गरगर फिरत होता. पाण्याचा टिपूस नव्हता.

"कशाने फिरतात गं हे?" सगुणा म्हणाली.

"पाणी होतं तेव्हापासून फिरतायत," मृणाल म्हणाली. "कुणी थांबा म्हणालं नाही."

डायवर एका खड्ड्याजवळ थांबला. आत वाकून त्याने बघितलं आणि नुसता उजवा पाय दाबला, ब्रेकवर दाबावा तसा. गोटा थांबला. बाकीचे फिरत राहिले. तो पुढे चालायला लागला, आणि सगुणाला उगाच बरं वाटलं. अजून याचा पाय कामाचा आहे, तिला वाटलं.

तिथून चढ लागतो. उखळ्याचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे, सगळ्या सह्याद्रीसारखा. एकावर एक काळे थर, जसे धिरड्यावर धिरडं टाकत जावं. पहिला थर संपतो तिथं एक तांबडा पट्टा आडवा जातो. रुंदीला लुगड्याच्या काठाएवढा. सगुणा त्याच्यावरून टांग टाकायला निघाली तर मृणालने तिचा दंड धरला.

"बसून पाणी पिऊन घ्या आधी. हा लांब आहे."

"हा? ह्याच्यावरून कोंबडी उडून जाईल."

"खालचा दगड वाहून निवला, आणि वरचा यायचा होता. मधे नुसती वाट बघणं होतं. त्या वाट बघण्याची ही माती झाली. जेवढा काळ तेव्हा गेला, त्याच्या मानाने आपल्यालाही वेळ लागतो."

खरंच लागला. त्या वीतभर मातीत तिघं चालत राहिली. दोन्ही काठ दिसत होते, मागचा आणि पुढचा, हात लांब केला तर लागतील असे, आणि जवळ येत नव्हते. झाडं नव्हती. ऊन होतं पण ते कुठल्याच दिवसाचं नव्हतं. सगुणाचा अर्धा अंबाडा चालता चालता पांढरा झाला. तिने तो हाताने चाचपला आणि पदर घेतला. लग्नानंतर आपण दोघं एवढं सलग कधी चाललोच नाही, असं तिच्या मनात आलं. तो नेहमी गाडीवर असायचा, आणि ती नेहमी घरी.

मधेच कुठेतरी डायवर बोलला. "गाडी कुणाला दिली असेल?"

"कोणती?"

"माझी."

"भंगारात गेली असेल आता," सगुणा म्हणाली.

"असेल," तो म्हणाला.

पलीकडच्या काठावर पाय ठेवला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सगुणाने त्याचा हात धरून त्याला वर घेतलं, आणि तिचे दात वाजले इतका तो हात गार होता.

"किती राहिलं गं तव्याला?" तिने मृणालला विचारलं.

"मोळी ओलांडली की आलाच."

मोळी मी पाहिलेली आहे. डोंगराच्या कुशीत दगडाचे खांब उभे आहेत, एकाला एक चिकटून, जळणाची मोळी उभी करून ठेवावी तसे. सगळे काळे, सगळे सहा बाजूंचे, सगळे माणसाच्या उंचीचे. शहरातले लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. वाट त्यांच्या अगदी पायाशी आहे, एका माणसाची, आणि दुसऱ्या अंगाला दरी. पूर्वी तिथून म्हैस जायची म्हणतात. आता वाट आकसलीय. दर वर्षी खांब थोडे पुढे सरकून उभे राहतात.

डायवर तिथं थांबला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर जरा हसू आलं.

"रांग बघ," तो म्हणाला.

"बघितली. चला."

"कुणी घुसत नाही. कुणी ढकलत नाही. कुणी खिडकीतून रुमाल टाकत नाही." तो खांबांकडे बघत म्हणाला, "एवढ्या वर्षांत अशी रांग मी पाहिली नाही."

रांगेत एक जागा रिकामी होती. सगुणाने ती बघितली आणि तिला ती आवडली नाही. मृणालनेही बघितली. तिने खिशातला टेप काढला, जागेची रुंदी मोजली, मग डायवरच्या खांद्यांची मोजली आणि टेप परत आत घातला.

"आधी दोन घास खाऊ," सगुणा म्हणाली. तिला वाटलं, खाणाऱ्या माणसाचं लक्ष ताटात राहतं. ती खाली बसली, फडकं सोडलं, कांदा ठेवून त्यावर मूठ मारली. भाकरीवर ठेचा घालून तिने ती वर धरली, पण कुणी घेतली नाही.

तिने वर बघितलं. रांग पुरी झाली होती. रिकामी जागा कुठं होती तेही कळत नव्हतं, कारण ती भरताना सगळे खांब जरा जरा सरकले होते, चांगली माणसं सरकतात तसे.

"इथेच होते," मृणाल म्हणाली. "मी बुटाची नाडी बांधत होते."

सगुणा उठली. हातातली भाकरी तिने फडक्यात परत ठेवली, नीट झाकली. मग तिने बाई माणूस मारते तशी हाक मारली.

"अहो."

सगळे खांब वळले.

एकजात सगळे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला, आणि धूळ बसली तेव्हा प्रत्येकाची एकेक बाजू तिच्याकडे होती, काय म्हणतेस अशी. सगुणाने पदर सावरला. एवढ्या नवऱ्यांसमोर तिला लाजल्यासारखं झालं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "आमचे."

कुणी परत फिरलं नाही. प्रत्येकाला वाटलं आपणच.

"तू मार गं हाक," ती मृणालला म्हणाली.

"काका," मृणालने हाक मारली. अख्खी रांग तिच्याकडे वळली, आणि वाट आणखी चार बोटं अरुंद झाली. सगुणाने मग "डायवर" अशी हाक मारून बघितली. एकही हलला नाही. निवृत्त झाले होते ना ते.

"नाव सांगा काकांचं," मृणाल म्हणाली. "मी मारते हाक."

सगुणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मावशी, नाव."

"तुझ्या वहीत लिहिलेलं असेल की."

"मी नुसतं काका लिहिलंय. तुम्ही लिहून देता का?"

"लिहिणं म्हणजे घेणंच झालं," सगुणा म्हणाली. "आणि तुझ्या हाकेला ते येतील कशाला? तू कोण त्यांची?"

ती रांगेच्या कडेकडेने चालायला लागली. प्रत्येकाला हात लावून बघत गेली. गार, गार, गार. एक होता तो मात्र कोमट लागला. तिने तळहात दाबून धरला, हो, कोमटच. त्याच्या डाव्या अंगाला एक कोपरा जरा झिजलेला होता, तेल लावून लावून झिजावा तसा. सगुणाने खांद्यावरचा लाल टॉवेल काढून त्याच्या खांद्यावर टाकला, आणि टॉवेल राहिला.

"हे बघा," ती त्याला म्हणाली, "झाला तेवढा चावटपणा पुरे. घरी चला. तवाबिवा राहू दे. कोपरे असले तर असले, मी मधे गोधडी घालीन. तुमची गाडी भंगारात गेली म्हणाले मी, पण मला काय ठाऊक? चालतही असेल कुठं. आपण डेपोत जाऊन विचारू."

खांब ऐकत होता. निदान तिला तसं वाटलं, कारण डायवरही असाच ऐकायचा. ती त्याला टेकून बोलत राहिली. घरच्या म्हशीचं बोलली, शेवंताचं बोलली, बिनबाह्यांचा सदरा बरा दिसतो असं खोटंच बोलली. बोलता बोलता तिच्या पाठीला त्याच्या बाजूचा आकार पडायला लागला.

"मावशी," मृणाल म्हणाली, "ऊन उतरतंय."

"उतरू दे."

"ऊन गेलं की हे बसतात. मग हाकेलाही वळत नाहीत. आणि आपल्याला तांबडा पट्टा ओलांडायचाय. उशीर केला तर पलीकडे पोचेपर्यंत गाव ओळखीचं राहायचं नाही."

दरीतून सावली चढत होती. रांगेच्या त्या टोकाच्या खांबांपर्यंत ती पोचली होती, आणि पोचेल तिथले खांब एकेक करून बसत होते. कुकरची शिटी निवल्यावर बसते तसा बारीक आवाज यायचा. वाट आता एका पावलाची उरली होती. मृणाल दरीकडे पाठ करून आडवी उभी होती आणि पोटात श्वास ओढून धरत होती.

"लग्नात घेतलं असेल की नाव," ती म्हणाली. "उखाण्यात."

"घेतलं होतं. नेमकी तेव्हाच वाजंत्र्यांनी वाजवायला घेतलं. कुणाला ऐकूच गेलं नाही. ह्यांनाही नाही. मग मी परत गिळलं."

"तेव्हापासून आत आहे?"

"जाईल कुठं?"

मृणालने तिच्याकडे जरा निरखून बघितलं. मग ती एक पाऊल बाजूला सरकली, होतं तेवढ्या जागेत. "सांभाळून घ्या," ती म्हणाली. "आतलं निवायला फार वेळ लागतो."

सगुणा टॉवेलवाल्या खांबापासून बाजूला झाली. नाव घ्यायचं तर रीतीने, तिने ठरवलं. तिने डोक्यावरून पदर घेतला, अंबाड्याचा पांढरा भाग आत लपवला आणि घसा खाकरला.

"काळ्या कातळाला ना दार ना खिडकी," ती म्हणाली.

खांब पुढे झुकले. सावलीतले बसलेले, तेसुद्धा जरा ऐकायला उठले. पुढची ओळ तिने मनात जुळवून ठेवली होती, नाव आणि शेवटी लाडकी. लाडकी म्हणायची तिला लाज वाटत होती, नावाचं भय वाटत होतं, आणि दोन्हीत भय जास्त होतं. तिने डोळे मिटले आणि नाव घेतलं.

आधी तिच्या छातीत काहीतरी हललं, जात्याची वरची तळी हलावी तसं. मग घशात ऊब आली. मग ओठ भाजले. नाव बाहेर आलं ते लाल होतं. गुळाच्या पाकासारखं दाट, संथ, कडेने काळवंडत चाललेलं, आणि आत डोळ्यांना बघवत नाही इतकं लाल. ते तिच्या पायाशी कातळावर पडलं, कातळ चुरचुरला, आणि ते उताराला लागलं.

तीन अक्षरांचंच नाव, पण इतक्या वर्षांचं साठलेलं, संपता संपेना. ते खांबांच्या पायांशी लागून वाहत निघालं. त्याच्यावर साय धरायची, साय फाटायची, खालून पुन्हा लाल वर यायचं. मृणालची सावली खांबांवर उलटी चढली. सगुणाला ओळ पुरी करायची होती, पण तोंडात नाव होतं.

तिने निऱ्या वर खोचल्या आणि खांबांच्या पायांकडे बघत राहिली. पहिले कितीतरी तसेच उभे होते. नाव टॉवेलवाल्या खांबापाशी पोचलं. टॉवेलचं खाली लोंबणारं टोक पेटलं, भुरभुर जळत वर गेलं. तो खांब हलला नाही. नाव त्याच्या तळाला लागलं, वळसा घालून पुढे गेलं, आणि तो तिच्याकडे तसाच बघत राहिला, परक्या माणसाने बघावं तसा.

नाव पुढे गेलं. सावलीत शिरलं. अंधारलेल्या टोकाकडे, जिथे तिने हात लावून बघितलं तेव्हा सगळं गारच लागलं होतं, तिथपर्यंत त्याचा उजेड पडला.

तिथल्या एका खांबाने पाय उचलला. उजवा. आणि खाली कुठे ठेवावा ते न कळून, तो तसाच वर धरून ठेवला.